सांबऱ्याच्या टॉवरवरून: एक येतंय, एक निघतंय

बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या टॉवरवरचं घड्याळ साडेपाच तास मागं असतं. खाली निलजी-मुतग्याच्या रस्त्यानं दुधाच्या गाड्या बेळगावकडे निघालेल्या असतात, सकाळचे सात वाजलेले असतात, आणि वर काचेच्या खोलीत ०१३० दिसत असतं. हे यूटीसी, जगातल्या सगळ्या टॉवरवरचं एकच घड्याळ. नवा माणूस पहिला आठवडाभर मनातल्या मनात साडेपाच तास वजा करत बसतो. खरी फसगत पहाटे होते, कारण आपल्या साडेपाचच्या आधी तिथली तारीखही कालचीच असते.

सांबऱ्याची धावपट्टी एकच, २,३०० मीटरची. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, रॉयल एअर फोर्सनं प्रशिक्षणासाठी हा तळ उभा केला. हवाई दलाचं जवान घडवणारं स्कूल आजही शेजारीच आहे, आणि प्रवाशांची नवी टर्मिनल इमारत सप्टेंबर २०१७ मधली. धावपट्टीच्या एका टोकाला ०८ लिहिलंय, दुसऱ्याला २६. होकायंत्रावरची दिशा ८० आणि २६० अंश, शेवटचं शून्य गाळून. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून २६ वापरात. हिवाळ्यात पूर्वेकडून वाहायला लागला की ०८.

गावातल्या माणसाला टॉवर म्हटलं की विमानापुढं बॅटा हलवणारा माणूस आठवतो. तो मार्शलर, तो खाली एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथं असतो. टॉवरवाल्याचं, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या कंट्रोलरचं, काम बरंचसं कागदावर आणि डोक्यात चालतं. खिडकीतून बघणं अगदी शेवटी. मुंबई-बंगळूरसारख्या ठिकाणी रडारच्या पडद्यावर ठिपके दिसतात. लहान टॉवरवर रडार आहे असं धरून चालता येत नाही. तिथं विमान कुठं आहे ते वैमानिक सांगेल तसं, आणि घड्याळ सांगेल तसं. याला प्रोसिजरल कंट्रोल म्हणतात. तो नेमका कसा चालतो हे पावसाळ्यातल्या एका सकाळच्या अर्ध्या तासावरून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण नेहमी पडतात तसेच.

पाळीला आमच्यात वॉच म्हणतात. वॉच घेताना खुर्चीवर लगेच बसायचं नसतं. आधीच्या माणसाच्या मागं पाच-दहा मिनिटं उभं राहून ऐकायचं. कोणता रनवे, हवामान काय, कुठलं उपकरण बंद, कुठली सूचना चालू, हवेत कोण, जमिनीवर कोण. मग रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही. गोंधळ बहुतेक वेळा पहिल्या दहा मिनिटांतच होतो. जाणाऱ्यानं जे सांगायचं राहून गेलं ते येणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून चेकलिस्ट पाठ असली तरी वाचूनच काढायची. एवढं करूनही जाणारा जिन्यात पोचल्यावर परत वर येतोच. "आणि हो, त्या टोकाला गवत कापणारी माणसं आहेत बरं का."

पहिल्या विमानाआधी जीप धावपट्टीवर जाते. जीपच्या ड्रायव्हरलाही रेडिओवर परवानगी मागावी लागते. ती दिली की स्ट्रिपच्या (एकेका विमानाची नोंद असलेल्या कागदी पट्ट्यांच्या) बोर्डवर, रनवेच्या खणात, लाल अक्षरांची आडवी पट्टी ठेवायची: रनवे अडलेला आहे. हा प्लॅस्टिकचा तुकडा काही रुपयांचा असेल, पण टॉवरमधली सगळ्यात कामाची वस्तू तीच. माणूस विसरतो, पट्टी विसरत नाही. जीपवाला बघतो ते दगड, रबराचे तुकडे, मेलेला पक्षी, फुटलेला दिवा, आणि पावसाळ्यात पाणी. धावपट्टीचे तीन भाग मानून प्रत्येकाला ० ते ६ असा अंक द्यायचा. कोरडी असेल तर ६, ओली पण पाणी ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर ५, त्याहून जास्त साचलं असेल तर थेट २. भारतात ही पद्धत नोव्हेंबर २०२१ पासून आली. त्याआधी नुसतं 'ब्रेकिंग ॲक्शन मीडियम' म्हणायचे, आणि मीडियम म्हणजे काय ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

हवामान दर अर्ध्या तासाला येतं. वारा, दृश्यमानता, ढग, तापमान, दाब. मापं मात्र चार तऱ्हांची. उंची फुटात, अंतर नॉटिकल मैलात, वेग नॉटमध्ये, दृश्यमानता आणि धावपट्टी मीटरमध्ये. असं का, हे विचारायचं नाही. दृश्यमानता ५ किलोमीटर आणि ढगांचा तळ १,५०० फूट, याच्या खाली गेलं की नुसत्या नजरेवर उडणाऱ्याला नेहमीची परवानगी मिळत नाही. दूरच्या टाक्या, देवळाचं शिखर, मोबाइलचा मनोरा, यांची अंतरं माहीत असतात. यळ्ळूरगडाच्या बाजूनं पावसाचा पडदा सरकत आला की एकेक खूण पुसली जाते आणि किती किलोमीटर उरले ते कळतं.

या सगळ्यात ज्याला चुकायची मुभा नाही तो आकडा दाबाचा, क्यूएनएच. उंची दाखवणारं घड्याळ दाबावर चालतं. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७ ते ३० फूट. पावसाळ्यात दाब उतरलेला असतो, समजा १००६. वैमानिकानं ते १०१६ ऐकलं आणि तसं लावलं, तर घड्याळ पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त दाखवणार, म्हणजे विमान त्याला वाटतं त्याहून तेवढं खाली. ढगात हे कुणाला दिसत नाही. त्यात सांबरा समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीच हजार फुटांवर. उतरताना पाच मैलांवर विमान जमिनीपासून सोळाशे फुटांवर असतं, आणि घड्याळात दिसतात चार हजारांच्या वर. किनाऱ्यावरच्या विमानतळाची सवय असलेल्याला हा अडीच हजारांचा फरक पहिल्यांदा खटकतो. (हीच उंची उन्हाळ्यात दुसरीकडून त्रास देते. ३६ अंशांच्या दुपारी इथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते, विमानाला दौड जास्त लागते, आणि कधी माणसं नाहीतर सामान कमी करावं लागतं. "विमान अर्धं रिकामं होतं तरी तिकीट दिलं नाही" या तक्रारीमागं पुष्कळदा हेच असतं.)

आता मूळ गोष्ट.

०१५२ ला हॉटलाइन वाजते. एरिया कंट्रोल, म्हणजे वाटेवरची विमानं सांभाळणारं केंद्र, सांगतं: बंगळूरहून एटीआर (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) येतंय, तुमच्या व्हीओआरवर ०२१८ ला, आम्ही त्याला पातळी १०० पर्यंत उतरवतोय. पातळी १०० म्हणजे साधारण दहा हजार फूट. व्हीओआर म्हणजे जमिनीवरून दिशा सांगणारं यंत्र, आणि त्याच्या जोडीला डीएमई, ते अंतर सांगतं. स्ट्रिप लिहायची: नाव, प्रकार, कुठून, ०२१८, १००. पाऊण वीत लांबीच्या या कागदावर काही खोडरबरानं पुसायचं नसतं. पातळी बदलली की जुनी तिरकी छाटायची, नवी शेजारी लिहायची. नंतर कधी चौकशी झाली तर छाटलेलं वाचता आलं पाहिजे.

०१५५ ला एप्रनवरचं दुसरं एटीआर इंजिन सुरू करायची परवानगी मागतं. जायचंय बंगळूरला. म्हणजे एकाच रस्त्यावर समोरासमोर.

मार्ग साधारण आग्नेयेचा, सुमारे २४० नॉटिकल मैल. पूर्वेकडे जाणाऱ्यांना विषम पातळ्या, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम, त्यामुळं वर पोचल्यावर दोघं आपोआप हजार फूट वेगळे असतात. अडचण मधल्या टप्प्यात. एक उतरत येणार, एक चढत जाणार, कुठंतरी एकमेकांची उंची ओलांडणार.

गणित असं. निघणारा ०२०३ ला उडाला धरू. तेव्हा येणारा पंधरा मिनिटं लांब, म्हणजे मिनिटाला सव्वाचार मैलांनी साठेक मैलांवर. निघणारा २६ वरून पश्चिमेला उडून डावीकडे वळणार, त्यात दोन मिनिटं जाणार, मग मिनिटाला तीन-सव्वातीन मैल. भेट होणार ०२१२ च्या आसपास, पंचवीसेक मैलांवर. नियम सांगतो: समोरासमोर येणाऱ्यांमध्ये भेटीच्या आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं उंचीचं अंतर ठेवा. म्हणजे ०२०२ ते ०२२२. पण येणारा तर ०२१८ लाच डोक्यावर पोचतोय! नुसत्या वेळेच्या नियमानं चाललं तर तो चार मिनिटं दहा हजार फुटांवर घिरट्या घालणार.

यातून वाटा तीन. पहिली, निघणाऱ्याला जमिनीवरच थांबवा, येणारा उतरू दे. थांबलेल्या विमानासारखं सुरक्षित काही नाही, पण इंजिनं सुरू, प्रवासी बांधलेले, आणि वीस-पंचवीस मिनिटांचा उशीर. दुसरी, निघणाऱ्याला वेगळ्या रेडियलवर, म्हणजे व्हीओआरपासून निघणाऱ्या वेगळ्या दिशारेषेवर पाठवा. दोघांच्या रेडियलमध्ये किमान १५ अंशांचं अंतर आणि दोघांपैकी एक तरी व्हीओआरपासून १५ मैलांवर किंवा त्यापलीकडे असेल तर उंची मोकळी. मात्र वळून त्या रेडियलवर नीट बसल्याचं त्यानं सांगेपर्यंत हा हिशेब धरायचा नाही. तिसरी, निघणाऱ्याला ९० वर अडवा, येणाऱ्याला १०० वर, आणि दोघांनी डीएमईचं अंतर एकाच वेळी सांगून एकमेकांना ओलांडून दहा मैलांची फारकत झाल्याचं पक्कं झालं की दोघांना सोडा. दहा मिनिटांऐवजी दीड मिनिटात काम होतं.

आमचा कल तिसरीकडे असतो, एका अटीवर: उड्डाण ०२०८ च्या आत झालं पाहिजे. त्याहून उशीर झाला तर भेट विमानतळाच्या जवळ सरकते, येणाऱ्याला उतरायला जागा उरत नाही, आणि मग पहिलाच पर्याय बरा. ही वेळ स्ट्रिपवर वर्तुळ करून लिहायची. वैमानिकाला घाई करायला सांगायचं नाही. ०२०८ नंतर थांबावं लागेल, एवढं आधीच सांगून ठेवायचं.

आता परवानगी द्यायची, आणि सगळ्यात धोक्याचं वाक्य इथंच आहे. "क्लाइंब फ्लाइट लेव्हल नाइनर झिरो." म्हणजे पातळी ९० पर्यंत चढ. त्यानं मागितली होती १९०. तोच आकडा त्याच्या कागदावर, त्याच्या डोक्यात. आपण म्हणतो नाइनर झिरो, तो ऐकतो वन नाइनर झिरो. कान ऐकत नाही, वाट बघत असतो. म्हणून तो काय परत म्हणतो ते शब्दाशब्दानं ऐकायचं. याला रीडबॅक म्हणतात, आणि ते ऐकून पडताळणं हा आपला अर्धा भाग. गंमत अशी की आपलाही कान वाट बघतच असतो. आपण ९० म्हटलेलं असतं, त्यामुळं त्याचं १९० आपल्यालाही ९० ऐकू येऊ शकतं. यावर उपाय साधा आहे. रीडबॅक चालू असताना पेनाचं टोक स्ट्रिपवरच्या आकड्यावर ठेवायचं, दुसरं काही करायचं नाही, फोन वाजला तरी उचलायचा नाही. चुकला तर "निगेटिव्ह, आय से अगेन", आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे का, ते १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोइंग ७४७ पातळी १४० वर अडवलेलं, समोरून येणारं कझाकचं इल्युशिन ७६ पातळी १५० वर. आपल्या ९० आणि १०० सारखंच. येणारं विमान दीडशेच्या खाली उतरलं आणि ३४९ माणसं गेली. त्यानंतर भारतात टीकॅस हे विमानातलं यंत्र सक्तीचं झालं. ते समोरच्या विमानाशी थेट बोलून एकाला वर जा आणि दुसऱ्याला खाली जा सांगतं. त्याचा आदेश आल्याचं वैमानिकानं सांगितलं की टॉवरनं गप्प बसायचं. २००२ मध्ये जर्मनीत उबरलिंगनवर यंत्र वर जा म्हणत होतं, कंट्रोलर खाली, आणि एका वैमानिकानं कंट्रोलरचं ऐकलं; ७१ गेले.

०२०१. एटीआर धावपट्टीच्या टोकाशी. वारा २४० अंशांवरून १८ नॉट. रनवेशी वीस अंशांचा कोन, म्हणजे आडवा वारा त्याच्या एक तृतीयांश, सहा नॉट. तोंडी हिशेब एवढाच पाठ करायचा: वीसला तिसरा हिस्सा, तीसला निम्मा, साठपुढं जवळजवळ सगळा. लाल पट्टी उचललेली आहे ना, ते बोर्डवर बघायचं. मग दुर्बिणीनं धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. टॉवरच्या काचा वरच्या बाजूला बाहेर कललेल्या असतात, त्यामुळं आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांत येत नाही, छताकडे जातं. मधल्या गवतात टिटव्या आणि बगळे आहेत का? पहिल्या पावसानंतर किडे-गांडुळं वर आली की बगळे हमखास. असतील तर जीप पाठवून उठवायचे, दोन मिनिटं गेली तरी चालेल.

'टेक-ऑफ' हा शब्द इतका वेळ रेडिओवर एकदाही आलेला नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आधी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. टेक-ऑफ शब्द फक्त परवानगी देताना, नाहीतर दिलेली मागं घेताना. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धुक्यात, परवानगी नसताना एक ७४७ दुसऱ्यावर धावत गेलं, ५८३ मेले. त्या दिवशी रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलले आणि नुसती शिट्टी ऐकू आली. विमानाचा रेडिओ आजही एएम आहे. दोघांनी एकदम बटण दाबलं की कर्कश आवाज येतो, आणि निदान कुणाचं तरी बोलणं बुडालं हे कळतं. एफएममध्ये बलवान आवाज दुर्बळाला गुपचूप गिळतो. माइकचं बटण अडकून राहिलं तर मात्र सगळी फ्रिक्वेन्सीच बंद, म्हणून वाक्य संपलं की बोट उचललं का ते बघायची सवय.

०२०३. "क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ." चाकं उचलली ती वेळ स्ट्रिपवर, आणि लगेच हॉटलाइनवर एरियाला. दोन्ही एटीआर मध्यम वजनाची, म्हणून पुढच्या विमानानं मागं सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यासाठी वेगळं थांबावं लागत नाही. शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान मागं असतं तर त्याला उडायला दोन मिनिटं, उतरायला तीन.

यापुढची आठ मिनिटं बाहेरून बघणाऱ्याला रिकामी वाटतील. आत प्रत्येक मिनिटाला दोघांचं अंतर विचारलं जातंय. ०२११: निघणारा २२ मैल, येणारा २९. अजून समोर. ०२१२: निघणारा २५, येणारा २५. ओलांडताहेत. एकानं एक आकडा आणि दुसऱ्यानं अर्ध्या मिनिटानं दुसरा सांगितला तर तो हिशेब फोल, म्हणून दोघांना मागोमाग, एका दमात विचारायचं. ०२१३ आणि वर थोडं: निघणारा ३०, येणारा १९. अकरा मैल. झालं.

आधी कुणाला सोडायचं? येणाऱ्याला. तो एकोणीस मैलांवर दहा हजार फुटांवर आहे, साडेसात हजार फूट उतरायचेत, आणि तीन अंशांच्या उतारानं त्याला साडेतेवीस मैल लागतात. चार-पाच मैलांची तूट आपणच केलीय. अनुभवी वैमानिक न बोलता वेग कमी करून ती भरून काढतो. नवा असेल तर थेट न येता डोक्यावरून जाऊन पूर्ण प्रोसिजर, म्हणजे उतरण्याचा ठरलेला लांबचा फेरा मागतो. ती द्यायची, हुज्जत घालायची नाही. निघणाऱ्याला मागोमाग १९० देऊन एरियाच्या फ्रिक्वेन्सीवर पाठवायचं.

आता तो एकटा. वारा, क्यूएनएच, धावपट्टीचे ५, ५, ५. हाही रीडबॅक पूर्ण. अग्निशमनची गाडी तयार आहे हे माहीत असतं, कारण घंटेची चाचणी रोज होते. धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचणं बंधनकारक. त्याचा रेडिओ इथं बंद पडला तर तो ट्रान्सपॉन्डरवर (विमानाचा संकेतांक पाठवणाऱ्या यंत्रावर) ७६०० लावतो, आणि आपण छताला टांगलेली दिव्याची बंदूक काढतो: स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथं उतरू नकोस. सप्टेंबरमध्ये या मार्गावरची काळजी वेगळी असते. गणपतीच्या मिरवणुकीतले लेझर आणि शार्पीचे झोत आकाशात फिरवले जातात आणि शेवटच्या तीन मैलांवरच्या वैमानिकाचे अंधाराला सरावलेले डोळे काही क्षण निकामी होतात. खालच्या पोरांना हे माहीतही नसतं.

पाच मैलांवर त्यानं हाक दिली की अडीच मिनिटं उरतात. दुर्बिणीतून आधी काहीच दिसत नाही, नुसतं राखाडी. मग दोन पिवळट दिवे, पावसात थरथरणारे. चाकं खाली आहेत का ते बघायचं. "क्लिअर्ड टू लँड", वाऱ्यासकट. पाणी उडवत चाकं टेकतात, ०२२३. बाहेर पडायचा फाटा चुकला तर धावपट्टीवरच वळून मागं यावं लागतं, आणि हजार मीटरला पावणेदोन मिनिटं जातात. तेवढा वेळ लाल पट्टी बोर्डवर.

शेपूट रेषेच्या बाहेर गेल्याचं डोळ्यांनी बघितल्यावरच पट्टी उचलायची. एरियाला एकच वाक्य: लँडेड टू थ्री. स्ट्रिप काढून गठ्ठ्यात. तेवढ्यात जीपवाला रेडिओवर येतो, मधल्या भागात पाणी वाढल्यासारखं दिसतंय, मोजायला जाऊ का विचारतो. पट्टी परत खणात जाते.